चौथं भोक

परकार म्हणाला, तुझ्या माउथ ऑर्गनचं चौथं भोक उतरलंय.
मी म्हटलं, कुठे? मला नाही ऐकू येत.
आणि माझं काम काय,
तर समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या पंपांच्या अंगाला
सेन्सर लावून त्यांची थरथर मोजायची.
कुठलं बेअरिंग महिन्याभरात जाणार, आवाजावरून सांगतो.
जुबैलमध्ये माझ्या सहीने पंप थांबतात.

रात्री कॅम्पच्या खोलीत स्क्रू काढले.
सातव्या भोकात खुबूसवरचा तीळ,
नवव्यात मागच्या शमालची वाळू, मैद्यासारखी,
बाकी सगळीकडे माझीच वाळलेली थुंकी.
परकार दापोलीला पेटीवाल्याकडे दोन वर्षं होता,
मग व्हिसा आला. पलंगावरून बोलत राहिला:
जेवलास की चूळ भर, मग तोंडाला लाव.
झालं की भोकं खाली करून तळहातावर आपट.
ओला तसाच डबीत कोंडू नको.
एसीत गारठलेल्या पितळेवर श्वास सोडलास
की आत दव धरतं, सूर चिकटतात;
आधी मुठीत ऊब दे, कोंबडी अंड्याला देते तशी.
आणि एवढा जोर कशाला?
रस्त्यापलीकडे कोणी बहिरं बसलंय का?

मी भिंग लावलं.
चौथी पट्टी, श्वास आत ओढायची.
रिव्हेटपाशी एक रेघ, केसाहून बारीक.
ही रेघ माझ्या ओळखीची.
धक्क्याने येत नाही, गंजाने येत नाही.
एक टोक घट्ट धरलेलं असताना
दुसरं लाखो वेळा हललं की येते.
अहवालात मी तिच्यापुढे एकच शब्द लिहितो, थकवा,
आणि सुट्या भागाचा नंबर.

तरी पट्टीखाली फीलर गेज सरकवून
टोकावर कानस फिरवली, दोनदाच.
टोक हलकं झालं की सूर चढतो.
फोनवरची सुई मध्यावर आली.
दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा डावीकडे.
पुन्हा घासलं. पुन्हा उतरला.
पुरे आता, परकार म्हणाला,
चिरलेल्याला घासून तरुण नाही करता येत,
पातळ तेवढं होतं.

दम्मामच्या दुकानात सुटी पट्टी नाही.
रोडेल नोव्हेंबरात मनिलाहून परतेल, आणतो म्हणालाय.
तोवर मी ते भोक ओलांडून वाजवतो,
उघड्या गटारावरून टांग टाकावी तसा.

काल शुक्रवार. दुपारी वाजवत होतो.
ती जागा आली, मी टांग टाकली,
आणि वर्तमानपत्र पसरून नखं कापणाऱ्या परकारने
मान वर न करता
नेमकं तिथे, ओठ मिटून, तेवढंच गुणगुणलं.
सुई लावली असती तर मध्यावर थांबली असती.

त्याच्याकडे पाहिलं नाही मी.
पाहिलं असतं तर गप्प झाला असता,
आणि पुढच्या ओळीत
ते भोक दोनदा येत होतं.