नऊ सेकंद

गंगावेशीत रात्री दहाला
म्हैस समोर उभी करून धार काढून देतात,
त्या कट्ट्यावर आम्ही चौघं.
मिशांवर फेस. बाकावर मधोमध भरतेश मगदूमचा फोन,
बातमी खाली तोंड करून.

दस्तगीर म्हणाला, कधी गेला?
एप्रिलात.
आणि आपल्याला आज कळतंय?
भरतेश म्हणाला, लेका, नावच आज कळलंय.

खरं होतं ते.
पंपाच्या कास्टिंगचं बोलणं करायला कॉव्हेंट्रीचा एक साहेब
सत्त्याऐंशी साली उद्यमनगरात आलेला,
जाताना अँबॅसिडरच्या सीटवर कॅसेट विसरला.
ऑर्डर काही आली नाही. कॅसेट राहिली.
निळ्या बॉलपेननं लिहिलेलं बँडचं नाव
आमच्या तेलकट अंगठ्यांनी महिन्याभरात पुसलं.
उरलं शेवटचं एस.
मग तेच नाव पडलं. एसवाले लाव रे.

पहिल्यांदा लावली तेव्हा मगदूम काका आतून ओरडले,
लेथ बंद करा, कुठलं तरी बेअरिंग गेलंय!
बेअरिंग नव्हतं. ड्रम होता.
त्या पोरांच्या गावातही शेड असणार,
पत्र्यावर दुपारभर घण पडत असणार,
नाहीतर हा ठेका सुचतोय कुणाला?

तो गायचा पडसं झाल्यासारखा,
जणू कुणाची तरी माफी मागायचीय
आणि ते माणूस दार उघडत नाही.
इंग्रजी आम्हाला पस्तीस मार्कांपुरतं.
दस्तगीरला ऐकू यायचं, चहा गार झाला.
मला वाटायचं, पोरगं पाण्यात पडलंय कुणाचं तरी.
आणि शालन शिंत्रे, ऑफिसात बिलं टाइप करणारी,
ती ठाम होती:
दुसऱ्या कडव्यात माझं नाव घेतोय तो. नीट ऐका.

आज म्हणाली, तुम्हाला सांगतो आता,
मी मुद्दाम चुकायचो बिलात.
परत टाइप करायला लागलं
की दुसरी बाजू संपेपर्यंत बसायला मिळायचं.
काका पगार कापायचे. कापू देत.

मी माझं सांगितलं.
शाहू स्टेडियमवर फायनल हरलो, पेनल्टी माझीच गेली,
तालमीत तोंड दाखवायची सोय नव्हती.
गुडघ्याला माती तशीच घेऊन शेडवर आलो,
भट्टी निवत होती.
भरतेशनं काही विचारलं नाही,
फक्त कॅसेट उलटी केली.

भरतेशची लेक पुण्याला असते.
परवा तिनं त्या टेपसमोर फोन धरला,
आणि पस्तीस वर्षं न लागलेलं नाव
तिला चहा गाळून व्हायच्या आत सापडलं.
नावाखाली जन्माचं साल. शेजारी दुसरं.

लाव, शालन म्हणाली.
फोनवर शब्दही उमटायला लागले, ओळीमागून ओळ,
दुसरं कडवं जवळ आलं
तशी तिनं पदरानं स्क्रीन झाकली.
वाचायचं नाही कुणी.
कुणी वाचलं नाही.

मग ती जागा आली.
टेप गुंडाळली होती तिथं एकदा डेकनं,
दस्तगीरनं ब्लेडनं कापून
शालनच्या नेलपॉलिशनं जोडलेली.
आमचं गाणं तिथं उडी मारतं.
चौघांची बोटं बाकावर ठेका धरून होती,
चौघांनी एकदम उडी मारली,
आणि गाणं आलंच नाही बरोबर.
मागं राहून ते सावकाश गात होतं
आम्हाला माहीत नसलेलं काहीतरी.

नऊ सेकंद आम्ही पुढं जाऊन उभे राहिलो
त्याची वाट बघत.

म्हशीवाला म्हणाला, ग्लास मोकळे करा, गिऱ्हाईक थांबलंय.

दस्तगीर उठला नाही.
तुकडा मी टाकला नव्हता, म्हणाला,
स्क्रूच्या डब्यात ठेवलेला. डबा कुठं गेला कुणास ठाऊक.
एवढा होता,
आणि ओल्या बाकावर त्यानं हात पसरून मोजलं.
एक वीत.
दोन.