नीरम

झडप जाम होती.
हातोडीच्या दांड्याने तीनदा टकटक केली,
आतून कुणी ओ दिली नाही.

ट्रेलरवर 'टिटवी', तिच्या पोटाखाली मी,
पाठीला जांभ्याची खरखर, नाकावर
थेंब थेंब खारट पाणी,
आणि साखरी नाट्याची ओहोटी
आपल्या वेळेने निघालेली.

नूरुद्दीन होडेकर चिखलातून आला,
हातात पान्हा, कानावर पेन्सिल.
"किती पाणी पिते ही?"
तीनशे लिटर, मी म्हटलं. बोट उतरवताना घ्यायचं,
झडप लावायची,
परत ओढताना सोडून द्यायचं.
जीपला रिकामी झेपते,
वाऱ्याला भरलेली पाडवत नाही.

तो वाकून बघत होता. म्हणाला,
"म्हंजे नीरम."

त्याच्या आजोबांच्या फतेमारीत नीरम म्हणजे गोटे.
माल नसला की तळात गोटे भरायचे,
पुढच्या बंदरात माल मिळाला की तिथेच टाकायचे.
"विहिरीकडचा तो काळा गडगा बघा,
त्यातला एक धोंडा इथला नाही.
मंगळूरचे हत, थोडे पार मस्कतचे,
असं बाबा सांगायचा.
आता विचारणार कोणाला? धोंड्यांना?"

तीन बोल्ट तेलाला वश झाले.
चौथा मानेत तुटला.

झडप हातात आली ती गुलाबी.
पितळ गुलाबी दिसलं की समजावं,
जस्त समुद्राने नेलं,
मागे उरलंय ते नुसतं तांबं, भोकाभोकाचं.
नखाने ओरबाडलं तर भुगा.
आकार मात्र तोच. आटे तसेच.
दोन मोसम मी हिच्या भरवशावर
आंबोळगडच्या टोकाला वळसे घालत होते.

गेल्या मार्गशीर्षात काय झालं
ते नूरुद्दीनला माहीत आहे,
त्याच्याच भाच्याने आम्हाला काढलं.
मतलई वारा होता, पण दोष त्याचा नव्हता.
टाकी गळून गळून अर्धी झाली होती.
बोट कलली तसं आतलं पाणीही कललं,
आम्ही ज्या अंगाला पडत होतो
नेमकं त्याच अंगाला धावलं.
रिकामी टाकी निदान गप्प असते.
अर्धी टाकी
पडणाऱ्याला मागून ढकलते.

घरी मी सांगितलं, वारा फार होता.
हर्षदनेही तेच सांगितलं, काकू म्हणते म्हणून.
मोसमाआधी मी झडप फडक्याने पुसली होती,
उघडली नव्हती.

नवी राजापुरात मिळाली, पंपाच्या दुकानात,
गनमेटलची, दीड इंची.
पोऱ्याने विचारलं, बोअरला लावताय?
म्हटलं, हो. खाऱ्या बोअरला.

मी ट्यूबमधलं सीलंट लावलं,
नूरुद्दीनने माझा डोळा चुकवून
त्यावर कापूस आणि डामर.
"तुमचं तुमच्यासाठी. हे माझ्या झोपेसाठी."

भरती आली तेव्हा ऊन उतरलं होतं.
ट्रेलर उताराने मागे मागे,
चाकं बुडाली, झडप उघडी,
वरच्या भोकातून हवा शिटी घालत निघाली,
लांबलचक, कंटाळलेली.
'टिटवी' चार बोटं खाली बसली.
नूरुद्दीनने फळीला कान लावला,
हात वर केला: थांबा,
थांबा,
आता.

पाव फेरा. घट्ट.
खाडीचं तीनशे लिटर पाणी
खाडीवरच तरंगायला लागलं,
मध्ये बोटभर भिंत.

जुनी झडप त्याने गडग्यावर ठेवली.
भंगारवालाही घेणार नाही म्हणाला,
मग हिशेब केला, कानावरच्या पेन्सिलीने, फळकुटावर:
मजुरी साडेतीनशे.
तुटलेल्या बोल्टचे वेगळे.