काढलेले आवाज

खेतवाडीच्या बाराव्या गल्लीत
मी पंखा बंद करून बसते, रात्री साडेअकरानंतर,
खालच्या कारखान्यातलं पॉलिशचं चाक थांबल्यावर.
नाहीतर कुठला आवाज आजचा, कुठला तेव्हाचा,
कळत नाही.

कोठारेंनी तबकडी आणली ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
दमट हवेनं लाखेवर बुरशी धरलेली, कडेचा टवका उडालेला.
"प्रमिलाआत्या," एवढंच म्हणाले.
"चौपन्न साल. ठाकुरद्वारचा दिवाणखाना."

धुतली. डिस्टिल्ड पाणी, साबणाचा एक थेंब,
मखमली ब्रश खाचेच्या दिशेनं,
तान्ह्याची पाठ चोळावी तसा.
सुई टेकवली तर आधी नुसती मोहरी तडतडली,
आणि त्या फोडणीच्या पलीकडे, दोन खोल्या सोडून,
एक बाई गात होती.

पडद्यावर प्रत्येक टक् म्हणजे उभा काटा.
मोठे मी हातानं उपटते, एकेक;
बारके संगणकाकडे सोपवते.
आठवडाभर काटे काढले.
शेवटी आत्या एवढी स्वच्छ झाली
की पद संपताना तिनं गिळलेला आवंढाही ऐकू आला.
मी खूश.

कोठारेंनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं.
मग म्हणाले, "आणि आतोबा कुठे गेले?"

कोण आतोबा?

"अडकित्ता हो. शेजारीच बसायचे सुपारी कातरत.
समेवर कातरायचे.
म्हणजे, त्यांना वाटायचं समेवर."

काढलेलं मी टाकून देत नाही, वेगळं ठेवते.
ती फाइल उघडली. गाणं नाही,
साडेतीन मिनिटांचा नुसता केर.
त्यात ओरखडा फेऱ्याफेऱ्याला येतो, हजेरी लावल्यासारखा.
पण मधूनच एक कट्,
समेच्या जरासा मागे,
पुढच्या आवर्तनात आणखी जरासा मागे,
आणि एकदा, ती सूर लांबवते तिथे,
नाहीच.
हातात अर्धी सुपारी तशीच.

सतरा परत लावले.
तिघांची खात्री नव्हती:
आतोबा असतील, किंवा नुसता टवका.
तेही राहू दिले.

बिलावर लिहिलं: आवाज काढणे, एक तबकडी.
परत घालण्याचा दर
मी अजून ठरवलेला नाही.