तळघरातला माग

खरं सांगायचं तर मी इथं लिफ्टसाठी आले.
जुन्या घराला तीन जिने होते
आणि माझा डावा गुडघा
दुसऱ्या मजल्यावरच हात टेकायचा.

घर दाखवणारी मुलगी भरभरून बोलत होती:
इथं सगळ्या वयांची माणसं राहतात,
सौना सामायिक, मोठं स्वयंपाकघर सामायिक,
तळघरात विणायला एक माग.
मी विचारलं, लिफ्ट बंद पडते का?

चौतीस वर्षं ताम्पेरेच्या गिरणीत
मी कापसाची धूळ खाल्ली.
मागाचं तोंड पुन्हा बघणार नव्हते.

पण मग नोव्हेंबर.
साडेतीनला खिडकी काळी होते
आणि पुढचे सात तास कुठं ठेवावेत कळत नाही.
एकदा कचरा टाकायला खाली गेले,
तर फणीचा आवाज. चुकीचा.
घर चुकलेल्या माणसानं
दार बडवावं तसा.

पाचव्या मजल्यावरचा आर्त्तू होता,
नर्सिंग शिकणारा, दाढी विरळ, विणही विरळ.
"सरक," मी म्हटलं.

भिंतीवर सुतळीला वही टांगलेली:
नाव, तारीख, किती विणलं.
ओइवा लिहितो: एक वीत, आणि पाठ धरली.
होदान लिहिते: चार बोटं, मग झोप लागली.
मी आकडा लिहायचे, फक्त आकडा,
गिरणीची सवय.

चिंध्या ज्याच्या त्यानं आणायच्या.
आर्त्तूची गुडघ्यावर फाटलेली जीन्स,
ओइवाच्या बायकोचे पिवळे पडदे,
होदानची विटलेली नारिंगी ओढणी.
रेइनोचा फ्लॅनेलचा शर्ट
मी नऊ आठवडे टोपलीच्या तळाशी ठेवला.
मग एका मंगळवारी कात्री घेतली
आणि कॉलरपासून सुरुवात केली,
कारण कॉलर त्याला कधीच आवडली नाही.

जानेवारीत पावडी दबेना.
डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं.
चित्र छान होतं.
मी वहीतलं माझं नाव खोडलं,
एकाच रेघेत, नीट.

दुसऱ्या दिवशी सुया न्यायला गेले
तर बाकावर लिबान. होदानचा.
आई रात्रपाळी करून झोपली
की घरात पाय वाजवायचे नाहीत,
म्हणून तो पाय घेऊन इथं येतो.
"दाबायचं कुठं?" त्यानं विचारलं.

बसून त्याचे पाय पोचत नव्हते,
म्हणून तो पावड्यांवर उभाच राहिला,
मागाच्या दांडीला धरून,
आणि मी वरून सांगू लागले: डावी. उजवी. डावी.
माझे हात, त्याचं वजन.
वजन तरी किती, बावीस किलो,
पण धागे उघडले.

तो धोटा जाताना बघतो आणि प्रश्न विचारतो.
तुला आई होती का?
होती.
तिचा गुडघा?
तोही डावा.

डावं-उजवं त्याचं अजून पक्कं नाही.
नारिंगी पट्ट्यात एकच पावडी दोनदा दबली,
दोन धागे एकाच घरात.
गिरणीत याला पगार कापायचे.
"उसवायला हवं," मी म्हटलं.
त्यानं वाकून पाहिलं, बराच वेळ.
"यावर पाय पडला तर कुणी पडेल?"

मी खरंच विचार केला.
नाही. कुणी पडणार नाही.
"मग?"

तिथं ती चूक अजून आहे,
रेइनोच्या बाहीपासून दोन बोटांवर.

आमच्या तळघरातला दिवा हुशार आहे:
कुणी हललं नाही तर समजतो, कुणी नाही,
आणि विझतो.
एकटी असताना गाठ सोडवता सोडवता
माझ्यावर कितीदा अंधार झाला.
मग मी काठी वर करून हलवायचे,
निघून जाणारी बस थांबवावी तशी.

आता विझला की
लिबान मान वर न करता
एक हात हवेत फिरवतो,
दुसऱ्यानं दांडी धरून,
आणि विचारतो,
आता कुठली?