पंचवीस

एका कट्ट्यात पंचवीस विड्या.
एवढंच उरलंय अत्तम्माच्या तोंडात.

पाणी हवं, पंचवीस.
पंखा बंद कर, पंचवीस.
दारात शेजारची पद्मव्वा दिसली की
पंचवीस, जरा लांबवून,
पूर्वी ‘ये गं, बस’ म्हणायची तसं.
माझ्यावर चिडली तरी तेच,
फक्त शेवटचा ‘स’ दातावर घासलेला.

एप्रिल होता. विडी घरकुलात पत्रे तडतडत होते.
मांडीवरचं सुपडं कलंडलं,
आणि ती सांडलेल्या तंबाखूकडे बघत राहिली,
जशी दुसऱ्या कुणाची तंबाखू.
ऊन लागलं, सगळे म्हणाले.
मी कांदा फोडून नाकाशी धरला,
लिंबूपाणी पाजलं. ते ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून
पदरावर आलं.
तरी आम्ही ऊन उतरायची वाट बघितली.

सिव्हिलमधल्या पोरगेल्या डॉक्टरनं
फिल्म उजेडाला धरली.
डाव्या बाजूला डाग,
जास्त भिजलेल्या पानावर पडतो तसा.
किती वाजता झालं, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, चौथा शेकडा चालू होता.
त्याला घड्याळातलं हवं होतं.
साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर,
एवढं बोलून तो पुढच्या खाटेकडे गेला.

घरात तेलुगू, कारखान्यात मराठी,
अशी तिची वाटणी होती.
दोन्ही गेल्या.
उरला तो आकडा कारखान्याचा.

उजवा हात उशीवर ठेवते, खांदा निसटू नये.
पाण्यात पावडर कालवते, ठसका लागू नये.
वन्संचा नवरा गेल्याची बातमी आली
तेव्हा अत्तम्मा हसली. थांबेचना.
गालावर पाणी आणि तोंडात हसू.
वन्सं दोन महिने पायरी चढल्या नाहीत.
डॉक्टर म्हणाला, ते हसू तिचं नाही, मेंदूचं आहे.
मग तिचं काय आहे,
हे विचारायचं राहिलं, नंबर पुढचा होता.

तिच्या वाटचे पाचशे आता मीच वळते.
रात्री कट्टे बांधले की एकेक
तिच्या डाव्या हातात देते,
उगाच, हात गुंतलेला राहावा म्हणून.
काल एक तिनं तोलला.
पंचवीस, म्हणाली,
आणि माझ्या मांडीत फेकला.
मी परत दिला.
पंचवीस! परत फेकला.

दोरा सोडला, मोजल्या.
चोवीस.