झाकण

कॅमेरा लावायच्या आधी मालिनीबेन फणसे म्हणाल्या,
गवार मोडून होऊ दे.
बडोदा, दांडिया बाजार, दुसरा मजला.
ध्वनिमुद्रण माझ्याकडे. कानांत अर्धा तास
नुसती गवार, कट्, कट्,
पुढे संकलनात ती काढून टाकली.

दिग्दर्शकाने कॅटलॉग उघडला.
नवरेषा मंडळ, एकसष्ट साल.
सात जणांची नावं, सात फोटो,
शेवटच्या पानावर, तळाला :
मुद्रणसाहाय्य, सौ. फणसे.

सौ. कोण? फणसे माहेरचं.
लग्न केलंच नाही मी.

अ‍ॅसिडचं विचारलं तेव्हा मात्र भरभरून बोलल्या.
जस्तावर बुडबुडे धरतात, ते पिसानं सारायचे,
कबुतराच्या. मांडवीखाली फुकट मिळायचं.
थंडीत वेळ खातं. मे महिन्यात बघता बघता
पत्राच खाऊन टाकतं.
रेघ ते ओढायचे.
खोल किती, ते मी ठरवायचे.

आणि चळवळ?

ती चहाच्या वेळी असायची.
मी तेव्हा मलमलीनं शाई पुसत असे.
देसाईंकडून शाईचे अठरा रुपये यायचेत अजून.

तुमची स्वतःची चित्रं?

त्यांनी हनुवटीनं स्वयंपाकघर दाखवलं.
फडताळात डब्यांखाली अंथरलेले कागद,
विश्वामित्रीचं काळं पाणी,
मगरी की ओंडके, कळू नये असं,
आणि वर मधोमध पिवळट गोल.
दिग्दर्शक त्या चंद्रावर पाच मिनिटं बोलला.
तूरडाळीच्या डब्याचा डाग तो.
मी गप्प बसलो. त्याही.

माठावर पत्रा होता, वाफेनं पांढुरका झालेला.
उलटा केला तर आत एक घाट, पायऱ्या,
कोपऱ्यात सरळ अक्षरांत : मालिनी.
म्हणजे कागदावर उलटं उमटणार.
पहिलाच होता तो, त्या म्हणाल्या,
सगळे हसले. देसाई तर आठवडाभर.
नंतर हाताला उलटं लिहायची इतकी सवय लागली
की बँकेत सही जुळेना.

पत्रा आम्हाला प्रदर्शनासाठी हवा होता.
कधी परत?
महिन्याभरात.
तोवर माठावर काय ठेवू?

कुणालाच सुचेना. मीच खाली उतरलो,
भांड्यांच्या दुकानातून स्टीलची ताटली आणली.
त्यांनी ती माठावर ठेवून पाहिली,
फिरवून पाहिली.
लहान पडते, म्हणाल्या,
आणि पत्रा पुन्हा होता तसा झाकला,
नाव आत, पाण्याकडे.

ताटली ठेवून घेतली.
चटणीला होईल म्हणाल्या.