छाट

तेंदूचं पान माझ्याकडं येतं ते मेलेलंच येतं.
रात्री भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं,
सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं.
चाळीस वर्षं पानं बघते,
पण पानाला वेलीवर म्हातारं होताना
पाहिलं नव्हतं.

ही वेल पोरीनं आणली, पुण्याच्या कुठल्या बंगल्यावरून,
ओल्या टॉवेलात दोन कांड्या.
"थंडीतली आहे, सोलापुरात टिकायची नाही," म्हणाली,
आणि तरी आणली.

पहिल्या मे महिन्यात पानं पापडासारखी भाजली.
मी जुनी चादर भिजवून भिंतीवर टाकली,
मोराच्या नक्षीची, एका अंगानं विरलेली.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
तेंदू भिजवलेलं तपकिरी पाणी तेवढं रोजचं,
तेच तिला घातलं.
कोण जाणे, तेच मानवलं असेल.

तिसऱ्या वर्षी ऐकेनाच.
पालीसारखी बोटं टेकवत,
चुना उकरत, विजेची वायर धरून
कोंडाबाईंच्या खिडकीत शिरली.
"तुझ्या सवतीला आवर," कोंडाबाई म्हणाल्या.

मग माझीच कात्री.
कारखान्यात माझ्या विड्यांची छाट काढतात,
हजारात चाळीस, कधी साठ,
कारण न सांगता बाजूला.
मी छाटते ते सांगून छाटते:
तू खिडकीत गेलीस.
तू वायर धरलीस.
तू काही केलं नाहीस, पण जागा नाही.

मार्गशीर्षात एका पहाटे पानांच्या कडा लाल.
रोग पडला म्हणून यांना हाताला धरून बाहेर आणलं.
यांनी तीस वर्षं डाइंगमध्ये सूत बुडवलं,
नखांतला निळा अजून गेला नाही.
आता नीट दिसत नाही. पान डोळ्यांशी नेलं,
थुंकी लावून अंगठ्यानं चोळलं.
"पक्का आहे," म्हणाले. "सुटत नाही."

आठ दिवस सगळी भिंत
वाळत घातलेल्या लाल सुतासारखी.
रिक्षावाले थांबून बघायचे.
नवव्या दिवशी वारा आला.
अंगणभर पक्का रंग. सुपानं भरला.
सवयीनं एका पानावर साचा ठेवला,
कात्री लावली, तर चुरा.

घरात आम्ही पानाला आकु म्हणतो.
हिच्या पानाला काय म्हणायचं
ते अजून ठरलं नाही.

भिंतीवर आता नुसत्या दोऱ्या.
कोंडाबाई विचारतात, "मेली का गं?"
मी नाही म्हणते.
"मग पुढच्या वेळी," त्या म्हणतात,
"खिडकीपाशी एक फांदी राहू दे."